किती बाळ, किती गंगाधर!

आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांची प्रश्नमंजुषा असते आणि प्रश्न काढायचं काम का कोण जाणे दरवर्षी माझ्या गळ्यात पडतं. एका वर्षी मी मुद्दाम एक गाळलेली जागा घातली. "६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' हे वृत्तपत्र सुरू करणारे बाळ गंगाधर ______." आठच्या आठ संघांनी "टिळक" लिहिलं. मागे खुर्च्यांवर बसलेले आईबाबासुद्धा "अरे टिळक, टिळक!" म्हणून मुलांना खुणा करत होते. टिळकांचा जन्म १८५६ चा. म्हणजे जन्माच्या चोवीस वर्षं आधी त्यांनी वर्तमानपत्र काढलं! (लोकमान्यच ते, जमवलंही असतं म्हणा.)

उत्तर अर्थातच जांभेकर. बाळ गंगाधरशास्त्री जांभेकर. पण मुलांना तरी काय बोलायचं? "बाळ गंगाधर" एवढं कानावर पडलं की पुढचा "टिळक" आपोआप तोंडातून बाहेर येतो. शाळेतल्या भाषणांनी पिढ्यान् पिढ्या ती सवय लावून ठेवली आहे. त्यात आणखी एक तिसरे बाळ गंगाधर आहेत, ते तर कुणाच्या खिजगणतीतही नसतात. बाळ गंगाधर खेर, मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री.

नावं जुळणं ही एरवी नुसती गंमत असते. हा क्रिकेटवाला, तो गाणारा, असं म्हणून आपण हसतो आणि विसरतो. पण या तिघांच्या बाबतीत मी जसजसा वाचत गेलो तसतसा त्यात गुंतत गेलो. त्याचीच ही गोष्ट. थोडी लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी या नावाचीच जरा चिरफाड करू. आपल्याकडचं पूर्ण नाव हे खरं तर एक छोटंसं वाक्य असतं. "बाळ गंगाधर टिळक" म्हणजे टिळकांच्या घरातल्या गंगाधरपंतांचा बाळ. त्यामुळे दोन माणसांचं नाव आणि मधलं नाव दोन्ही जुळतं, तेव्हा चार माणसांचं काहीतरी जुळलेलं असतं, दोन मुलगे आणि दोन बाप. इथे तर तीन मुलगे आणि तीन बाप. आणि गंमत म्हणजे तिघेही जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले. टिळक आणि खेर खुद्द रत्नागिरीत जन्मले, आणि जांभेकरांचं पोंभुर्ले देवगड तालुक्यात. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत देवगडही रत्नागिरी जिल्ह्यातच होतं.

पुढची गोष्ट अशी की "बाळ" हे मुळात नावच नाही. ती हाक आहे. बारशाला काहीतरी छान पौराणिक नाव ठेवायचं, घरात हाक मारायची "बाळ", आणि मग ती हाकच जन्मभर चिकटायची. आमच्या नात्यात असे दोन बाळकाका आहेत. एक अठ्ठ्याहत्तरचे, दुसरे ऐंशी पार. दोघांचीही बारशाची नावं वेगळी आहेत आणि ती फक्त त्यांच्या सर्व्हिस बुकाला ठाऊक. (दोघेही हे वाचणार आहेत, तेव्हा नावं फोडत नाही.) टिळकांचंही तेच झालं. त्यांचं पाळण्यातलं नाव केशव. पण रूढ झालं ते बाळ, आणि सरकारदरबारी, कोर्टाच्या निकालपत्रात, मंडालेच्या तुरुंगात, सगळीकडे गेलं तेही बाळच. ब्रिटिश साम्राज्य ज्या माणसाला असंतोषाचं मूळ समजत होतं, त्याला राजद्रोहाच्या खटल्यात त्याच्या आईनं मारलेल्या हाकेनं पुकारलं जात होतं, हे मला फार आवडतं. छोट्या नारायण श्रीपाद राजहंसाचं गाणं ऐकून "हा तर बालगंधर्व" असं टिळक म्हणाले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. स्वतः जन्मभर बाळ राहिलेल्या माणसानं दुसऱ्या एकालाही कायमचं बाळ करून ठेवलं. असो.

आता पहिल्या बाळाकडे येतो, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त अन्याय झाला आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

बाळशास्त्री जांभेकरांचा जन्म १८१२ चा. पेशवाई बुडाली तेव्हा ते सहा वर्षांचे. वडील गंगाधरशास्त्री विद्वान ब्राह्मण, घरचं शिक्षण संस्कृताचं. तेरा-चौदा वर्षांचा हा मुलगा इंग्रजी शिकायला मुंबईला आला. तिथे त्याला आधार मिळाला बापू छत्र्यांचा, म्हणजे सदाशिव काशिनाथ छत्रे, ज्यांचं 'बाळमित्र' हे पुस्तक जुन्या लोकांनी निदान ऐकलेलं असेल. बापू छत्रे बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीत होते. आणखी पाच-सहा वर्षांत बाळशास्त्री त्याच सोसायटीचे नेटिव्ह सेक्रेटरी झाले.

आणि विशीत 'दर्पण'. त्याआधी १८२८ साली 'मुंबापूर वर्तमान' नावाचं पत्र निघाल्याचे उल्लेख आहेत, त्यामुळे "पहिलं" म्हणताना अभ्यासक जरा घसा खाकरतात. पण मराठी पत्रकारिता म्हणून जे काही आहे त्याची सुरुवात आपण 'दर्पण'पासून मोजतो, आणि महाराष्ट्रात ६ जानेवारी हा पत्रकार दिन म्हणून पाळतात. 'दर्पण'मध्ये एका बाजूला इंग्रजी मजकूर आणि शेजारी तोच मराठीत. आधी पाक्षिक होतं, चारेक महिन्यांतच साप्ताहिक झालं, आणि १८४० मध्ये बंद पडलं. दोन भाषा शेजारी शेजारी छापण्यामागचा विचार साधा होता. आपल्या लोकांना बाहेरचं ज्ञान कळावं आणि राज्यकर्त्यांना आपल्या लोकांचं म्हणणं कळावं. एकाच पानावर दोन्हीकडची माणसं. विशीतल्या पोराला हे सुचलं याचं मला अजून नवल वाटतं. माझ्या विशीत मला काय सुचत होतं ते न सांगणंच बरं.

१८३४ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवू लागले. त्या जागेवर बसणारे ते पहिले भारतीय. पुढे १८४० साली 'दिग्दर्शन' हे मराठीतलं पहिलं मासिक काढलं, कुलाब्याच्या वेधशाळेचं काम पाहिलं, ताम्रपट वाचले, शून्यलब्धि गणितावर मराठीत लिहिलं (हे म्हणजे कॅल्क्युलस, हल्ली बारावीची मुलं ज्याला घाबरतात ते), आणि १८४५ साली ज्ञानेश्वरीची पहिली छापील प्रत काढली. ज्ञानेश्वरी! साडेपाचशे वर्षं हातानं उतरवून घेतली जाणारी पोथी एका वर्तमानपत्रवाल्या गणिताच्या मास्तरानं शिळाप्रेसवर चढवली. पुढच्याच वर्षी, मे १८४६ मध्ये, ते गेले. वय चौतीस.

चौतीस वर्षांत हे सगळं. पण मला त्यांचं जे खरं धाडस वाटतं ते १८४३ सालचं. श्रीपत शेषाद्री नावाचा एक ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांकडे राहिला होता. त्याचा मोठा भाऊ नारायण ख्रिस्ती झालेला. कोर्टानं लहान श्रीपतला वडिलांच्या ताब्यात दिलं. पण परत आलेल्या मुलाला जातीत घ्यायला कोण तयार? बाळशास्त्र्यांनी बाजू घेतली, की प्रायश्चित्त देऊन मुलाला घ्या, तो आपला आहे. सनातन्यांनी आकाशपाताळ एक केलं, बाळशास्त्र्यांवरच बहिष्कार घालायची भाषा झाली. त्या काळात बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला नीटसं उमगत नाही. घरात लग्न-मुंज ठरत नाही, श्राद्धाला ब्राह्मण येत नाहीत, मेल्यावर खांदा द्यायला माणसं मिळत नाहीत. हे सगळं समोर असताना एका परक्या मुलासाठी ते अडून बसले. विधवांच्या पुनर्विवाहाला शास्त्राधार आहे हे दाखवणारा ग्रंथही त्यांनी गंगाधरशास्त्री फडके यांच्याकडून लिहून घेतला. (आणखी एक गंगाधर. मी मोजणं सोडून दिलंय.)

आता इथून टिळकांकडे जाणारी एक वाट आहे, आणि ती मला सापडली तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठलो होतो.

बापू छत्र्यांचा एक पुतण्या होता, केरो लक्ष्मण. मुंबईत चुलत्याकडे वाढला, एल्फिन्स्टनमध्ये शिकला. तिथे त्याला शिकवणाऱ्यांत ऑर्लेबार नावाचे प्रोफेसर आणि आपले बाळशास्त्री. पोरगं गणितात इतकं हुशार की लहान वयातच कुलाब्याच्या वेधशाळेत मदतनीस म्हणून लागलं. पुढे हेच केरूनाना छत्रे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गणिताचे प्रोफेसर झाले. आणि त्यांच्या वर्गात एक विद्यार्थी येऊन बसला, बाळ गंगाधर टिळक.

म्हणजे दुसरा बाळ गंगाधर हा पहिल्या बाळ गंगाधराच्या विद्यार्थ्याचा विद्यार्थी. मधला दुवा केरूनाना. आणि दुवा नुसता हजेरीपटावरचा नाही. टिळकांना केरूनानांबद्दल फार आदर होता. केरूनानांनी प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं पंचांग तयार केलं, ते पटवर्धनी पंचांग म्हणून निघायचं. केरूनाना १८८४ मध्ये गेले. त्यांचा पंचांगाचा हा विचार टिळकांनी उचलून धरला, आणि आज ज्याला टिळक पंचांग म्हणतात ते त्याच परंपरेतलं. कुलाब्याच्या वेधशाळेतून निघालेला धागा अशा रीतीनं काही घरांत दिवाळीची तारीख ठरवतो. आमच्या एका मावशींकडे टिळक पंचांग पाळतात आणि अधिक महिन्याच्या घोळात त्यांचे सण कधीकधी आमच्या महिनाभर आधी किंवा नंतर येतात. पूर्वी मी त्यांची थट्टा करायचो, हल्ली फराळाला दोनदा जातो.

टिळकांचे वडील गंगाधरपंत हेही शाळामास्तरच. गणित आणि व्याकरण शिकवणारे, त्रिकोणमितीवर मराठी पुस्तक लिहिलेले. १८६६ साली त्यांची बदली पुण्याला झाली, त्याच वर्षी टिळकांची आई पार्वतीबाई गेल्या. १८७२ मध्ये वडीलही गेले. सोळाव्या वर्षी पोरकं झालेलं हे पोर. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली मराठीत 'केसरी' आणि इंग्रजीत 'मराठा'. बघा, बाळशास्त्र्यांच्या एका पानावरच्या दोन भाषा आता दोन वेगळ्या वर्तमानपत्रांत गेल्या होत्या. १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडेपर्यंत टिळक वर्गात गणितच शिकवत होते. त्यापुढचं मी सांगायला नको. १८९७ ची शिक्षा, १९०८ ची सहा वर्षांची शिक्षा आणि त्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांचा सहा दिवसांचा संप, मंडाले, गीतारहस्य, १ ऑगस्ट १९२०. हे पाठ आहे सगळ्यांना.

पण नाव एक असलं आणि मधे गुरूचा दुवा असला म्हणजे विचार एक असतोच असं नाही. ज्या बाबतीत पहिले बाळ गंगाधर बहिष्काराला भ्याले नाहीत, त्याच बाबतीत दुसऱ्यांनी पाय मागे घेतला, हे म्हटलंच पाहिजे. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये बरीच मंडळी चहा प्यायली, त्यावरून ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतलं होतं. त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही, रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं. मला खुपतं ते संमतिवयाचं. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचा तो कायदा, १८९१ सालचा. दहावरून बारा! टिळकांनी त्याला जोरदार विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की आपल्या धर्माचारात परक्या सरकारनं कायदा करून ढवळाढवळ करू नये, सुधारणा लोकांमधून यावी. या युक्तिवादात तथ्य नाही असं नाही. पण त्या दोन वर्षांत ज्यांचं आयुष्य अडकलं होतं त्या मुलींना युक्तिवाद कुणी विचारला नव्हता.

आणि मुलींचा विषय निघालाच आहे तर नावांकडे परत येतो. टिळकांचं लग्न १८७१ साली झालं. मुलीचं माहेरचं नाव तापी, आणि आडनाव, धक्का बसेल, बाळ. तापी बाळ. लग्न झाल्यावर ती सत्यभामाबाई टिळक झाली. म्हणजे नवऱ्याची नुसती हाक "बाळ" होती, ती इतिहासात अजरामर झाली, आणि बायकोचं जन्माचं आडनाव "बाळ" होतं ते एका दुपारी तांदळात नवं नाव लिहून पुसलं गेलं. सत्यभामाबाई १९१२ साली गेल्या, टिळक मंडालेत असताना.

एकाच नावाची मोठी माणसं शोधायला बसलं की म्हणूनच फक्त पुरुष सापडतात. बाईचं नाव, मधलं नाव, आडनाव तिन्ही एका दिवसात बदलायची. तिचं नाव जुळणार कुणाशी, ते तिचं तिलाच जुळत नसे. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला ती गेल्यावर, तिच्या भावाकडून कळलं. किती सुंदर नाव होतं. मी आयुष्यात एकदाही तिला त्या नावानं ओळखलं नाही. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव लावायचं ठरवलं, तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, नाव लांबतं म्हणून. मी मात्र कागद घेऊन बसलो आणि लिहून पाहिलं. बाळ सगुणा गंगाधर जांभेकर. बाळ पार्वती गंगाधर टिळक. लगेच दोन वेगळी माणसं झाली की! ज्या नावानं आमच्या सोसायटीतली आठ संघांची पोरं फसली, त्यात नुसतं आईचं नाव घातलं असतं तर कुणीच फसलं नसतं.

आता तिसरे बाळ गंगाधर. २४ ऑगस्ट १८८८, रत्नागिरी. इंग्रजी पुस्तकांत बाळासाहेब गंगाधर खेर असं छापतात, आपल्याकडे बाळासाहेब खेर. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकून सॉलिसिटर झाले, १९१८ साली भागीदारीत फर्म काढली, मग काँग्रेस, कायदेभंग, तुरुंग. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं तेव्हा नाव चर्चेत होतं के. एफ. नरीमन यांचं, आणि निवडले गेले खेर. त्यावरून मोठं वादळ झालं. प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा पंतप्रधान म्हणत. १९३९ साली महायुद्धाच्या मुद्द्यावर काँग्रेसनं सत्ता सोडली, १९४६ मध्ये परत आली, आणि खेर १९५२ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. नंतर लंडनमध्ये हायकमिशनर, १९५४ साली पद्मविभूषण, १९५५ साली राजभाषा आयोगाचे अध्यक्ष. १९५७ मध्ये गेले.

खेरांबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही. त्यांच्या आगेमागे मोरारजी आणि यशवंतराव अशी ठसठशीत माणसं आहेत, त्यात हा मृदू बोलणारा, संस्कृत येणारा वकील झाकला गेला. पण त्यांच्या कारकिर्दीतले कायदे एकदा वाचून बघा. १९३८ साली मंदिरात अस्पृश्यांना वाट मोकळी करणारा पहिला कायदा, १९४७ साली जास्त स्पष्ट असा हरिजन मंदिर प्रवेश कायदा. १९४६ साली हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी. १९४७ साली हिंदू स्त्रीपुरुषांना घटस्फोटाचा हक्क. सबंध देशासाठी हिंदू विवाह कायदा व्हायला १९५५ उजाडलं, त्याच्या आठ-नऊ वर्षं आधी मुंबई प्रांतात हे झालेलं होतं.

टिळकांचं म्हणणं होतं ना, परक्या सरकारनं कायदा करू नये? ठीक. १९४६-४७ साली निदान प्रांतात तरी सरकार परकं राहिलं नव्हतं. लोकांनी निवडून दिलेलं होतं आणि त्याच्या डोक्यावर रत्नागिरीचाच एक बाळ गंगाधर होता. टिळक असते तर त्यांनी हे कायदे मान्य केले असते का? मला वाटतं, कुरकुरत केले असते. माझे एक टिळकभक्त मित्र आहेत, ते म्हणतात आनंदानं केले असते. यावर आमची दोनदा भांडणं झाली आहेत. बाळशास्त्र्यांनी मात्र त्या दिवशी पेढे वाटले असते याबद्दल दोघांचं एकमत आहे.

खेरांना मी देव्हाऱ्यात बसवत नाही. आदिवासींसाठी १९४० साली आदिवासी सेवा मंडळ काढणारे खेरच, आणि ठाणे जिल्ह्यात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला तेव्हा गोदावरी परुळेकरांना १९४६ साली जिल्ह्यातून हद्दपार करणारं सरकारही खेरांचंच. दारूबंदी त्यांनी १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबईत आणली, आणि तिचं पुढे काय झालं हे आपण जाणतोच. इंग्रजीचंही तसंच. 'दर्पण'च्या पहिल्या अंकापासून आपल्या लोकांना इंग्रजी यावं म्हणून पहिल्या बाळ गंगाधरानं शाई आटवली होती. तिसऱ्याच्या सरकारनं शाळेत पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवलं. त्यावर अजूनही म्हाताऱ्या मंडळींत दोन तट पडतात.

मुंबईत कधी सकाळी वेळ मिळाला तर एक करा. गिरगाव चौपाटीवर टिळकांचा पुतळा आहे, तिथेच त्यांना अग्नी दिला. तिथून मलबार हिलच्या चढावर जा, हँगिंग गार्डनच्या समोरच्या रस्त्यावर पाटी दिसेल, बी. जी. खेर मार्ग. जुना रिज रोड. दोघांमध्ये पायी अर्ध्या तासाचं अंतर. वांद्र्याची खेरवाडीही याच खेरांच्या नावाची, पण रिक्षावाल्याला ते माहीत असण्याचं कारण नाही आणि प्रवाशालाही.

इतकं झाल्यावर मला वाटलं होतं, यादी संपली. तीन बाळ, तीन गंगाधर, सगळे कोकणातले. मग एका तेलुगू सहकाऱ्याशी बोलताना मी हे सगळं उत्साहानं सांगत होतो. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "आमच्याकडे दोन आहेत."

पहिला देवरकोंडा बालगंगाधर तिलक. तेलुगूतला मोठा कवी. जन्म पश्चिम गोदावरीतल्या तणुकूजवळ मंडपाका गावी, आणि तारीख बघा, १ ऑगस्ट १९२१. टिळकांची पहिली पुण्यतिथी! त्या दिवशी मूल झालं आणि घरच्यांनी त्याला ते आख्खं नाव देऊन टाकलं. आंध्रात टिळकांचं नाव तोवर घरोघरी होतं. १९०७ साली बिपिनचंद्र पालांच्या दौऱ्यानं तिकडे वंदे मातरमचं वारं पोचलं होतं, १९०८ साली टिळकांना शिक्षा झाली त्याच वर्षी बेजवाड्याचे संपादक गाडिचर्ला हरिसर्वोत्तम राव राजद्रोहाखाली तुरुंगात गेले होते.

दुसरा कोल्लिपरा बालगंगाधर तिलक, सिनेदिग्दर्शक, जन्म १९२६. के. बी. तिलक म्हणून प्रसिद्ध. 'मुद्दु बिड्डा' (१९५६), 'एम.एल.ए.' (१९५७) असे चित्रपट त्यांनी काढले. १९७४ च्या त्यांच्या 'भूमि कोसम'मधून जयाप्रदा पहिल्यांदा पडद्यावर आली. २०१० साली ते गेले.

मला गंमत वाटली ती त्या नावाचं तिकडे जे झालं त्याची. तेलुगूत आधी घराण्याचं नाव येतं, देवरकोंडा किंवा कोल्लिपरा. त्यापुढचं सगळं त्या माणसाचं स्वतःचं. म्हणजे आपल्याकडे जे वाक्य होतं, गंगाधराचा बाळ, टिळकांच्या घरचा, ते गोदावरीच्या मुखापर्यंत जाईपर्यंत विरघळून एक शब्द झालं. मुलगा, बाप आणि दापोलीजवळच्या चिखलगावचं आडनाव, तिन्ही मिळून एका बाळाचं पाळण्यातलं नाव. "ळ"चा "ल" झाला, "टिळक"चा कपाळावरचा "तिलक" झाला. रत्नागिरीत शाळामास्तर असलेल्या गंगाधरपंतांना कुणी सांगितलं असतं की तुमचं नाव कधी न पाहिलेल्या मुलखातल्या कवीच्या नावात जाऊन बसणार आहे, तर त्यांनी त्रिकोणमितीचं पुस्तक बाजूला ठेवून नक्कीच वर पाहिलं असतं.

कवी तिलक १९६६ साली गेले, पंचेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. 'अमृतं कुरिसिन रात्रि', म्हणजे अमृत बरसलेली रात्र, हा त्यांचा संग्रह मरणोत्तर निघाला आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या सहकाऱ्यानं मला त्यातल्या काही ओळी म्हणून दाखवल्या, मग अर्थ सांगितला. मूळ ऐकतानाच छान वाटत होतं. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे नुसतं "तिलक" म्हटलं की लोकांना कोण आठवतं? तो म्हणाला, कवितेच्या गप्पा असतील तर हाच. तुमचे ते दुसरे.